बीज दोघांचे, आहारही दोघांचा

लग्नाला दोन पावसाळे उलटले आणि घरात पाळणा हलला नाही, की आपल्या खेड्यांत विचारपूस सुरू होते. ती विचारपूस बहुधा सुनेचीच असते. औषधे तिला, नवस तिला, उपवास तिला आणि टोमणेही तिलाच. नवऱ्याला कोणी काही विचारीत नाही. गाय वेळेवर गाभण राहिली नाही, तर शहाणा शेतकरी आधी तिच्या वैरणीकडे व खुराकाकडे पाहतो आणि वळूचीही चौकशी करतो. हा साधा विचार आपण आपल्या घरातील माणसांच्या बाबतीत करीत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

मूल होण्याच्या दृष्टीने पतिपत्नींच्या आहाराला किती महत्त्व आहे, तो आहार कसा असावा आणि आहाराने काय साधत नाही, याची माहिती या लेखात देत आहोत.

एक जुना गैरसमज

पुरुष म्हणजे बीज आणि स्त्री म्हणजे शेत, अशी समजूत पूर्वापार चालत आली आहे. शेतकऱ्याला ती चटकन पटते. पीक आले नाही तर जमीन नापीक, असे म्हणून तो मोकळा होतो. पण ही समजूत खरी नाही. १८२७ साली कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर या शास्त्रज्ञाने सस्तन प्राण्यांतील स्त्रीबीज शोधून काढले. पुढे हे सिद्ध झाले की, अपत्याचे निम्मे बीज आईचे व निम्मे बापाचे असते. म्हणजे स्त्री ही नुसती जमीन नव्हे. बीजही तिचे आहे आणि ते रुजवून वाढवणारी कूसही तिचीच आहे.

दांपत्याला मूल होत नाही अशा प्रकरणांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील दोषाचा वाटा असतो. कधी तो दोष एकटाच असतो, तर कधी स्त्रीकडील दोषाच्या जोडीने असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिलेल्या अहवालाप्रमाणे, जगात साधारण सहा माणसांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी ही अडचण येते. तेव्हा ही काही कोणा एका घरावर आलेली आपत्ती नाही, आणि कोणाच्या पापाची शिक्षा तर मुळीच नाही.

अन्नाचा संबंध कशावरून?

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडच्या पश्चिम भागात मोठी उपासमार झाली. धडधाकट स्त्रियांची पाळी थांबली. नऊ महिन्यांनंतर तेथील जन्मांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. अन्न पुन्हा मिळू लागताच पाळणे पुन्हा हलू लागले. शरीर आपला हिशेब ठेवते, हे यावरून दिसते. स्वतःपुरतेच अन्न नसेल, तर दुसरा जीव वाढवण्याचे काम ते पुढे ढकलते.

दुसरे उदाहरण पुरुषांचे आहे. मूळचे बिहारचे डॉ. आनंद प्रसाद यांना १९६० च्या सुमारास इराणमध्ये आणि नंतर इजिप्तमध्ये असे तरुण आढळले की, विशी गाठली तरी त्यांची वाढ लहान मुलासारखीच राहिली होती आणि ते वयात आले नव्हते. त्यांच्या जेवणात रोटीशिवाय फारसे काही नसे. अभ्यासाअंती कळले की, त्यांच्या शरीरात जस्ताची कमतरता होती. धान्यात जस्त असते. पण त्याच धान्याच्या कोंड्यात फायटेट नावाचा घटक असतो. तो जस्त व लोह बांधून ठेवतो व अंगी लागू देत नाही.

तिसरे उदाहरण कापूस पिकवणाऱ्यांनी नीट वाचावे. चीनमधील काही खेड्यांत लोक कच्चे, शुद्ध न केलेले सरकीचे तेल खाऊ लागले, आणि तेथे मुले होणे थांबले. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते व ते पुरुषाचे शुक्रजंतू तयार होऊ देत नाही, असे पुढे आढळले. १९७० च्या दशकात चीनमध्ये या द्रव्याचा पुरुषांसाठी संततिप्रतिबंधक म्हणून प्रयोगही झाला. पण काही पुरुषांत त्याचा परिणाम कायमचा राहिला. शुद्ध केलेल्या सरकीच्या तेलातून हे द्रव्य काढून टाकलेले असते, म्हणून त्याची भीती नाही. मात्र घाण्यावरचे कच्चे सरकीचे तेल खाण्यात घेऊ नये. पैदाशीच्या वळूला सरकीची पेंड भरपूर चारू नये, याचेही कारण हेच आहे.

तयारी तीन महिने आधी

पेरणी मृगाला करायची असली, तरी मशागत उन्हाळ्यातच होते. येथेही तसेच आहे. पुरुषाच्या शरीरात शुक्रजंतू तयार होऊन पक्व व्हायला अडीच ते तीन महिने लागतात. स्त्रीबीजे जन्मापासूनच असतात. पण त्यांतील एखादे पिकून बाहेर पडण्यापूर्वी त्याची शेवटची वाढ सुमारे तीन महिने चालते. म्हणून आज सुधारलेल्या आहाराचे फळ तीन महिन्यांनी दिसेल. आठ दिवस बदाम खाऊन काही होत नाही.

स्त्रीने काय खावे?

पहिली गोष्ट म्हणजे पोटभर खावे. आपल्या शेतकरी घरांत बाई सकाळी चहावर खुरपणीला जाते आणि रात्री सर्वांची जेवणे उरकल्यावर उरलेसुरले खाते. डाळीची आमटी तळाला पोहोचलेली असते, मासळीचा तुकडा संपलेला असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. घरातल्या सर्वांनी एकत्र बसून जेवण्याची चाल पाडली, तरी निम्मे औषध झाले. ख्रिस्ती कुटुंबात रात्रीच्या प्रार्थनेला सगळे एकत्र बसतात, मग जेवायला का नाही?

रक्तासाठी माठ, राजगिरा, शेवग्याचा पाला, अळीव, हरभरे, कुळीथ, मसूर ही आपल्या परसातील व शेतातील चीजवस्तू आहे. चालत असेल त्यांनी मटण, मासे, अंडी घ्यावीत. मांसातील लोह अधिक सहज अंगी लागते. पालेभाजी व कडधान्यातील लोह अंगी लागण्यासाठी जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू असावा. जेवणाबरोबर चहा घेऊ नये. तो लोह अडवतो. मध्ये तास-दीड तास जाऊ द्यावा.

दुसरे महत्त्वाचे द्रव्य फॉलिक ॲसिड होय. ते पालेभाज्या, मूग, चवळी, हरभरा व शेंगदाण्यात असते. गर्भाच्या मेंदूचा व पाठीच्या कण्याचा पाया गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आत घातला जातो. त्या वेळी पाळी चुकल्याचेही बाईच्या नीट लक्षात आलेले नसते. म्हणून नुसत्या भाजीवर विसंबून न राहता, मूल हवे असे ठरवल्यावर, गर्भ राहण्याच्या किमान एक महिना आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करावी आणि पहिले तीन महिने चालू ठेवावी. आधीचे मूल पाठीच्या कण्याचा दोष घेऊन जन्मले असेल, किंवा बाईला मधुमेह वा फिट्सचा आजार असेल, तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करण्यास संकोच वाटू देऊ नये.

तिसरे म्हणजे आयोडीन. ते कमी पडले की गळ्यातील थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावते, पाळी बिघडते, गर्भपात होऊ शकतो. घरात आयोडीनयुक्त मीठच वापरावे. सैंधव किंवा आगरातील जाडे मीठ यांवर त्यासाठी विसंबू नये.

चौथी गोष्ट वजनाची. फार रोड बाईची पाळी थांबते, आणि फार जाड बाईचीही बिघडते. पाच फूट उंचीच्या बाईचे वजन साधारण ४३ ते ५३ किलोच्या दरम्यान असावे. आजकाल पाळी दोन-दोन महिने लांबणे, तोंडावर लव येणे, वजन वाढणे अशा तक्रारी तरुण मुलींत पुष्कळ दिसतात. अशा बाईचे वजन शंभरामागे पाच ते दहा किलो या हिशेबाने, म्हणजे ६५ किलोच्या बाईचे साधारण तीन ते सहा किलो उतरले, तर पुष्कळदा स्त्रीबीज पुन्हा वेळेवर सुटू लागते. त्यासाठी उपाशी राहू नये. साखर, मैद्याची बिस्किटे, तळलेले पदार्थ व बाटलीतील गोड पेये बंद करावीत, आणि भात कमी करून उसळ व भाजी वाढवावी.

अमेरिकेत सतरा हजारांहून अधिक परिचारिकांच्या आहाराची आठ वर्षे नोंद ठेवण्यात आली व निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. ज्या स्त्रिया डाळी-कडधान्यांसारखी वनस्पतिज प्रथिने अधिक घेत, कोंड्यासह धान्य खात आणि वनस्पती तुपासारखे गोठवलेले तेल टाळीत, त्यांना स्त्रीबीज न सुटण्याचा त्रास कमी आढळला. अशा पाहणीने कार्यकारण पक्के ठरत नाही, हे खरे. तरी भाकरी, उसळ, पालेभाजी आणि ताक हे आपले जुने जेवण किती योग्य आहे, हे त्यावरून ध्यानात येईल.

पुरुषाने काय करावे?

पुरुषालाही तेच ताट लागते: डाळी, उसळी, अंडी, मासे, पालेभाजी, फळे. जस्तासाठी तीळ, भोपळ्याच्या बिया, हरभरे, शेंगदाणे व मांस चांगले. बांगडा व तारली ही स्वस्त मासळीही उत्तम. मात्र गोळ्यांच्या जाहिरातींना भुलू नये. अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर एक मोठा प्रयोग झाला. निम्म्या पुरुषांना सहा महिने जस्त व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या आणि निम्म्यांना नुसत्या बिनऔषधी गोळ्या. २०२० साली प्रसिद्ध झालेला निकाल असा की, मुले होण्याच्या प्रमाणात काहीही फरक पडला नाही. जस्त मुळातच कमी असेल त्याला ते देणे वेगळे. पण पोटभर सकस जेवणाऱ्याला महागड्या गोळ्यांचा लाभ नाही.

पुरुषाने काय खावे यापेक्षा काय सोडावे, हे अधिक महत्त्वाचे आहे. तंबाखू, विडी, सिगारेट व गुटखा यांमुळे शुक्रजंतूंची संख्या व हालचाल घटते. स्त्रियांच्या मिश्रीतही तंबाखूच असतो, हे विसरू नये. दारूचे अति सेवन पुरुषत्वाचे हार्मोनच कमी करते. तरुण मुले व्यायामशाळेत शरीर फुगवण्यासाठी जी हार्मोनची इंजेक्शने घेतात, त्यांनी शुक्रजंतू पार थांबू शकतात. अंडकोश शरीराबाहेर असतात, कारण त्यांना शरीरापेक्षा दोन-तीन अंश थंडावा लागतो. म्हणून फार घट्ट कपडे टाळावेत.

स्वयंपाकघरातील युक्ती

वर फायटेटचा उल्लेख आला. त्यावर उपाय आपल्या आजीबाईंना ठाऊक होता. कडधान्य रात्रभर भिजवून मोड आणावेत. नाचणीला मोड आणून सत्त्व करावे. आंबील, इडली, सान्नां असे आंबवलेले पदार्थ करावेत. भिजवल्याने, मोड आणल्याने व आंबवल्याने फायटेट कमी होते आणि तेच धान्य अधिक अंगी लागते. खर्च काहीच नाही. पालेभाजी आधी धुऊन मग चिरावी. चिरून पाण्यात ठेवू नये व शिजवलेले पाणी फेकू नये.

शेतातील औषधांपासून सावध

१९७७ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, लॅथ्रोप या गावच्या एका कीटकनाशक कारखान्यातील कामगारांच्या लक्षात आले की, आपल्यापैकी कोणालाच अलीकडे मूल झालेले नाही. तपासणी केली तेव्हा अनेकांच्या वीर्यात शुक्रजंतू फारच थोडे होते, काहींच्या तर मुळीच नव्हते. जमिनीतील सूत्रकृमी मारणारे डीबीसीपी नावाचे औषध त्याला कारण होते. पुढे त्यावर अमेरिकेत बंदी आली, भारतातही ते बंद झाले. पण धडा कायमचा आहे. जे द्रव्य किडीची पैदास थांबवते, ते माणसाचीही थांबवू शकते.

म्हणून फवारणी वाऱ्याच्या दिशेने पाठ करून करावी. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा व तोंडाला फडके असावे. औषध हाताने ढवळू नये. काम झाल्यावर साबणाने अंघोळ केल्याशिवाय भाकरीला वा तंबाखूला हात लावू नये. फवारणीचे कपडे वेगळे धुवावेत. मूल हवे असलेल्या किंवा गरोदर बाईला औषध मिसळण्याचे वा ताज्या फवारलेल्या शेतात खुरपण्याचे काम देऊ नये. औषधाचे रिकामे डबे पाण्याला किंवा धान्याला वापरणे तर निव्वळ वेडेपणा होय.

आहाराने काय होत नाही

येथे स्पष्ट बोलले पाहिजे. बीजनलिका बंद असेल, क्षयरोगाने गर्भाशयाला इजा झाली असेल, तरुणपणी गालगुंडाचा आजार अंडकोशावर गेला असेल किंवा तेथील शिरा फुगल्या असतील, तर कितीही अळिवाचे लाडू खाऊन उपयोग नाही. आपल्या देशात जननेंद्रियांचा क्षय हे वंध्यत्वाचे एक मोठे कारण आहे, आणि वेळीच ओळखल्यास त्यावर औषध आहे.

एक वर्ष एकत्र संसार करून दिवस गेले नाहीत, तर पतिपत्नी दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे. बाईचे वय ३५ च्या वर असेल, तर सहा महिन्यांनीच जावे. पुरुषाची वीर्य तपासणी सोपी व स्वस्त असते. बाईच्या मोठ्या तपासण्यांआधी ती व्हावी. नमुना कसा द्यावा, याविषयी विवेकबुद्धीला शंका असल्यास धर्मगुरूंशी मोकळेपणाने बोलावे. ख्रिस्तसभेच्या शिकवणीला धरूनही मार्ग निघतो. भोंदू वैद्याच्या पुड्या घेऊ नयेत. काही भस्मांत शिसे व पारा आढळला आहे, आणि शिसे तर बीजाचे शत्रूच आहे. ‘हमखास मुलगा’ म्हणून दिली जाणारी औषधे ही शुद्ध फसवणूक आहे.

उपवास, नवस आणि श्रद्धा

काही बहिणी मूल व्हावे म्हणून कडक उपवास धरतात. आठवड्यातील एका उपवासाने धडधाकट बाईचे काही बिघडत नाही. पण अंगात रक्त नसलेली बाई दर दोन दिवसांनी उपाशी राहू लागली, तर जे मागते आहे, त्याचीच वाट ती अडवते. अशक्त माणसाने उपाशी राहावे, अशी ख्रिस्तसभेची आज्ञा नाही. अशा बहिणीने उपवासाऐवजी एखादे दयेचे कृत्य करावे आणि पोटभर जेवावे.

पवित्र शास्त्रातील हन्नाची गोष्ट आठवा. मूल नाही म्हणून पनिन्ना तिला टोचून बोले. हन्ना रडे आणि जेवत नसे. तिचा नवरा एल्काना याने तिला दोष दिला नाही. तू जेवत का नाहीस, अशी त्याने काळजीने चौकशी केली. हन्नाने मंदिरात आपले मन देवापुढे मोकळे केले, आणि त्यानंतर ती जेवली व तिचा चेहरा उतरलेला राहिला नाही. शमुवेल पुढे जन्मला. पण तिचे जेवणे व शांत होणे त्याआधीचे आहे. आपल्या घरातील पुरुषांनी एल्कानाचा आणि घरातील बायकांनी हन्नाचा कित्ता गिरवावा. पनिन्नाचा मात्र कोणीही गिरवू नये.

मूल हा हक्क नसून देवाचे देणे आहे, असे ख्रिस्तसभा शिकवते. पतिपत्नींच्या एकत्र येण्याला साहाय्य करणारे उपचार ती योग्य मानते; त्याची जागा घेणाऱ्या प्रयोगशाळेतील कृत्रिम गर्भधारणेला संमती देत नाही. आणि सर्व उपाय करूनही मूल झाले नाही, तरी त्या दांपत्याचा विवाहसंस्कार तसूभरही कमी ठरत नाही. पोरक्या मुलाला दत्तक घेण्याचा कायदेशीर मार्ग २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार ख्रिस्ती दांपत्यांनाही खुला आहे.

लक्षात ठेवा

१. मूल हवे असे ठरवल्यावर दोघांनीही तीन महिने आधीपासून आहार सुधारावा.

२. घरातील बाईने सर्वांबरोबर, पोटभर जेवावे.

३. रोज एक उसळ किंवा डाळ, एक पालेभाजी, एक आंबट फळ ताटात असावे. मोड आणावेत, पदार्थ आंबवावेत.

४. फॉलिक ॲसिडची गोळी बाईने गर्भ राहण्यापूर्वीच सुरू करावी. मीठ आयोडीनयुक्त वापरावे.

५. तंबाखू, मिश्री, गुटखा व दारू सोडावी. फवारणी जपून करावी.

६. वर्षभराने तपासणी दोघांनी मिळून करावी. दोष कोणाचाही निघो, दूषण कोणालाच देऊ नये.